सोबतीच्या सवयी : मित्र न तोडता आरोग्य सुधारण्याचा मार्ग

आहार, व्यायाम आणि व्यसनमुक्ती यांविषयीचा बहुतेक सल्ला एकट्या माणसाला उद्देशून दिला जातो. डॉक्टर गोड कमी करायला सांगतात, माणूस मान डोलावून घरी येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता नाशिकमधील सातपूरच्या कारखान्यासमोरील टपरीवर चौघांसाठी एकदम सांगितलेला गोड चहा त्याच्या हातात येतो. तो त्याने मागितलेला नसतो आणि नाकारलेलाही नसतो. दिवसभरात आपण काय खाल्ले, किती चाललो, किती वाजता झोपलो, यांतल्या किती गोष्टी आपण ठरवल्या आणि किती आपल्या सोबत्यांबरोबर आपोआप घडल्या, हे एकदा नीट पाहिले, तर काम कुठून सुरू करायचे ते कळते. हा लेख त्या कामाचा क्रम सांगण्यासाठी आहे.

माझे मत आधीच नोंदवतो. वाईट सवयी असलेले मित्र सोडून द्यावेत, हा सल्ला बहुतेकांच्या उपयोगाचा नाही आणि कित्येकांना तो अपायच करतो. अमेरिकेतील जुलियान होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा ज्यांची माणसांशी नाती भक्कम होती त्यांची अभ्यासाच्या कालावधीत हयात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. तेव्हा चहा सोडण्यासाठी टपरीवरचे मित्र सोडणे हा सौदा तोट्याचा आहे. मित्र तेच ठेवून त्यांना भेटण्याची वेळ, भेटण्याची जागा आणि तिथे सर्वांत आधी काय मागवले जाते, या तीन गोष्टी बदलता येतात, आणि माझ्या अनुभवात त्यानेच सर्वाधिक फरक पडतो.

संगतीचा परिणाम होतो, तो कसा होतो

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे गाव आहे. तिथे १९४८ पासून हृदयरोगाचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यात भाग घेणाऱ्यांनी आपल्या नातलगांची आणि जवळच्या मित्रांची नावेही दिलेली होती. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी या नोंदींवरून १९७१ ते २००३ या ३२ वर्षांतील १२,०६७ लोकांचे जाळे मांडले आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एखाद्याचा मित्र त्या काळात लठ्ठ झाला, तर तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. भावंडांच्या बाबतीत हा आकडा ४०, तर पती-पत्नींच्या बाबतीत ३७ होता. शेजारी राहणाऱ्यांचा मात्र परिणाम आढळला नाही, आणि मित्र दूरच्या गावी राहत असला तरी परिणाम कमी झाला नाही. याचा अर्थ असा घेता येतो की, कोण जवळ राहते यापेक्षा कोणाचे वागणे आपण आपल्यासाठी योग्य मानतो, याला अधिक महत्त्व आहे.

या निष्कर्षांवर गंभीर आक्षेप घेतले गेले आणि ते माहीत असणे आवश्यक आहे. ढवळ्याशेजारी पवळा बांधला की वाण नाही पण गुण लागतो, असे आपण म्हणतो. पण पवळ्याला कोणाशेजारी बांधायचे ते मालक ठरवतो, माणूस मात्र आपला शेजार बऱ्याच अंशी स्वतः निवडतो. ज्याला रात्री उशिरापर्यंत बसून चमचमीत खायला आवडते, तो तशाच आवडीच्या लोकांत रमतो. एथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर या संशोधकांनी २००८ मध्ये असे दाखवले की, त्याच प्रकारची गणिते वापरली तर मुरमे, डोकेदुखी आणि उंचीसुद्धा मित्रांमध्ये ‘पसरताना’ दिसते, जे शक्य नाही. म्हणून ५७ हा आकडा पाठ करून कोणा मित्राकडे संशयाने पाहू नये. संगतीने सवयी बदलतात एवढे मात्र इतर अनेक अभ्यासांतूनही दिसते, आणि निवडीचा भाग मोठा असेल तर आपल्याला करण्याजोगेही अधिक उरते.

पहिली पायरी : सात दिवसांची नोंद

एक लहान वही घ्यावी आणि सोमवार ते रविवार अशी पूर्ण सात दिवसांची नोंद ठेवावी. त्यात रविवार असलाच पाहिजे, कारण अनेकांचा आठवडा सोमवार ते शुक्रवार नीट चाललेला असतो आणि सगळी गडबड शनिवारी रात्री सुरू होते. पानावर पाच रकाने आखावेत : वेळ, जागा, सोबत कोण, काय घडले, आणि मी एकटा असतो तर काय केले असते. मोबाइलवर नोंद ठेवायलाही हरकत नाही, पण ती त्याच तासात झाली पाहिजे. रात्री आठवून लिहिले की टपरीवरचा दुसरा चहा आणि कोणी पुढे केलेल्या चिवड्याची मूठ हमखास निसटते.

नोंद कशी दिसते, त्याचा एक नमुना देतो. ‘मंगळवार, ४.१५, कंपनीबाहेरची टपरी, दोघे सहकारी, चहा व क्रीमरोल. एकटा असतो तर फक्त चहा.’ ‘बुधवार, ९.४०, घर, पत्नी व मुलगा, टीव्हीसमोर जेवण, दुसऱ्यांदा भात. एकटा असतो तर नाही.’ ‘गुरुवार, ६.००, कृषीनगरचा ट्रॅक, मेहुणा, ४० मिनिटे चालणे. एकटा असतो तर झोपून राहिलो असतो.’ शेवटची नोंद मुद्दाम दिली आहे. सोबतीने जे चांगले घडते तेही तितक्याच काळजीने लिहावे, कारण पुढे जी सोबत वाढवायची आहे ती बहुतेक वेळा या वहीतच सापडते.

या सात दिवसांत काहीही बदलू नये. आठव्या दिवशी पाचवा रकाना वरपासून खालपर्यंत वाचावा आणि जिथे ‘एकटा असतो तर वेगळे केले असते’ असे उत्तर आहे, तिथे खूण करावी. बहुतेकांच्या बाबतीत खुणा सगळीकडे विखुरलेल्या नसतात. त्या दोन किंवा तीन ठराविक वेळांभोवती जमलेल्या असतात. पुढचे सर्व काम त्या दोन-तीन वेळांचे आहे. एका वेळी त्यांतील एकच घ्यावी.

दुसरी पायरी : टपरी आणि तळहात

नोकरीच्या ठिकाणची संगत आधी घेतो, कारण ती आपण सर्वांत कमी निवडलेली आणि सर्वाधिक वेळ लाभणारी संगत असते. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फर्स्ट, सेकंड आणि नाइट अशा पाळ्यांत काम करणाऱ्यांना जेवण, चहा आणि झोप यांचे वेळापत्रक सहकाऱ्यांबरोबरच पाळावे लागते.

चहाचा हिशोब सोपा आहे. एका कपात दीड ते दोन चमचे साखर धरली, तर पाच कपांत ३५ ते ५० ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २,००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे दिवसाचा सगळा वाटा नुसत्या चहातच संपतो. यावर उपाय म्हणजे टपरीवर सर्वांच्या आधी पोहोचणे. चौघांची मागणी एकाने सांगून झाल्यावर आपली वेगळी सांगणे अवघड वाटते, पण तीच मागणी पहिल्यांदा सांगणे अजिबात अवघड वाटत नाही. ‘भाऊ, एक बिनसाखरेचा, बाकी तीन नेहमीचे’ असे सलग काही दिवस म्हटले की चहावालाच ते लक्षात ठेवतो आणि पुढे काही सांगावेही लागत नाही. जमल्यास दोन चहांच्या वेळांपैकी एक वेळ टपरीऐवजी जेवणानंतर आवारात दहा मिनिटे चालण्याची ठरवावी आणि त्यासाठी त्याच गटातल्या एकालाच विचारावे, सर्वांना विचारू नये. सर्वांना विचारले की चर्चा होते, एकाला विचारले की तो उठतो.

तंबाखूचा प्रश्न अधिक कठीण आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात आणि त्यांतील बहुसंख्य ती चघळून खातात. धूम्रपान करणारे ३.८ टक्केच आहेत. चघळण्याची ही सवय कशी टिकते ते जवळून पाहण्यासारखे आहे. एक जण पुडी काढतो, डाव्या तळहातावर तंबाखू घेतो, डबीतून चुना लावतो आणि अंगठ्याने मळू लागतो. मळताना गप्पा चालू असतात. मग दोन-तीन टाळ्या मारून भुकटी उडवली जाते आणि तो तळहात न बोलता शेजाऱ्यापुढे येतो. त्यात प्रश्न विचारलेला नसतो. पुढे आलेल्या हातातून चिमूट उचलणे ही मैत्रीची खूण असते आणि न उचलणे हा काहीसा दुरावा वाटतो. म्हणूनच ‘मन घट्ट करा’ या सल्ल्याने इथे काम होत नाही, कारण माणूस तंबाखूपेक्षा त्या हाताला नाही म्हणायला कचरतो.

ज्याला सोडायची आहे त्याने मळणाऱ्या मित्राशी आधी, एकट्याने आणि दुसऱ्या एखाद्या वेळी बोलावे : ‘मी सोमवारपासून बंद करतोय. तू खा, पण माझ्यापुढे हात करू नकोस, एवढे माझ्यासाठी कर.’ बहुतेक मित्र हे ऐकतात, कारण त्यात त्यांच्या सवयीवर ठपका नसतो. पहिले दोन-तीन आठवडे मळायला सुरुवात होताच जागेवरून उठून पाणी प्यायला जावे. तलफ काही मिनिटांत ओसरते आणि तेवढा वेळ हाताला व तोंडाला दुसरे काम दिले की पुरते. बडीशेप, लवंग किंवा भाजलेले हरभरे खिशात ठेवावेत. सुपारी मात्र कधीही पर्याय म्हणून घेऊ नये. तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच स्पष्ट केले आहे, आणि तंबाखू सोडून सुपारीला लागलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहेत. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे.

दोघांनी मिळून सोडली तर यश मिळण्याची शक्यता फार वाढते. इंग्लंडमधील पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्यांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान करणाऱ्या ज्या स्त्रियांच्या जोडीदाराने त्याच काळात धूम्रपान सोडले, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या जणींनी ते सोडले. ज्यांचा जोडीदार ओढतच राहिला, त्यांच्यापैकी ८ टक्क्यांनाच ते जमले. पुरुषांचे चित्रही जवळपास असेच होते. त्यामुळे टपरीवरच्या चौघांपैकी आणखी एकाच्या मनात सोडण्याचा विचार असेल, तर त्याच्यासह एकच तारीख ठरवावी.

तिसरी पायरी : रविवारची मिसळ आणि घरचा आग्रह

सोबत जेवताना माणूस जास्त खातो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांना जेवणाच्या नोंदी ठेवायला लावून १९८० आणि ९० च्या दशकांत वारंवार दाखवले. सोबतीला जितकी माणसे अधिक, तितके जेवण मोठे. याचे मुख्य कारण असे की, सोबत असली की जेवण लांबते, आणि समोर अन्न असेपर्यंत हात चालू राहतो. ओळखीच्या, जिव्हाळ्याच्या माणसांत हा परिणाम अनोळखी लोकांपेक्षा अधिक असतो.

नाशिकमध्ये हे पाहण्याची उत्तम जागा म्हणजे रविवार सकाळची मिसळ. मखमलाबाद रस्त्यावर किंवा गंगापूर रस्त्याच्या पुढे मळ्यातल्या मिसळीसाठी सहा-आठ जणांचा गट जातो, नंबर लागेपर्यंत अर्धा तास थांबतो, आणि एकदा बसला की पाव व रस्सा पुन्हा पुन्हा येत राहतो. मिसळीतील मोड आलेली मटकी हा उत्तम आहार आहे. भर पडते ती फरसाण, तर्री, पावांच्या जादा लाद्या आणि शेवटी येणारी जिलेबी यांची. मिसळ बंद करायची गरज नाही आणि तसे सुचवणाऱ्याचे नाशिकमध्ये कोणी ऐकणारही नाही. क्रम बदलावा. गटाने सकाळी सहाला पांडवलेणीच्या पायथ्याशी भेटावे, लेणी चढून उतरावे आणि मग मिसळीला जावे. बसल्याबसल्या आपली मागणी आधी सांगावी : फरसाण वेगळ्या वाटीत, मटकी जास्त, पाव दोनच. पाव संपले की हात धुऊन यावे. पुन्हा टेबलाशी बसून गप्पा माराव्यात, पण हात धुतलेला असला की जादा पाव घेण्याचा आग्रह आपोआप मंदावतो. हा उपाय क्षुल्लक वाटेल, तरी करून पाहावा.

घरचा आणि नातेवाइकांकडचा आग्रह निराळा असतो. तिथे वाढणारी व्यक्ती प्रेमाने वाढते आणि ताटावर आडवा धरलेला हात म्हणजे संकोच, असा तिचा समज असतो, म्हणून ती वाढतेच. अशा वेळी पान वाढण्याआधी बोलावे : ‘वहिनी, आज मला आधी भाजी आणि कोशिंबीर भरपूर वाढा, पोळ्या दोनच घेईन.’ काय हवे ते आधी मागितले की वाढणाऱ्याचे समाधान होते. ताट लवकर रिकामे करू नये, कारण रिकाम्या ताटाला नेहमीच काही ना काही मिळते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तो लपवू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोकांना मधुमेहपूर्व अवस्था आहे. प्रत्येक पंगतीत आपल्यासारखे दुसरे कोणीतरी असतेच, आणि एकाने मोकळेपणाने सांगितले की दुसऱ्यालाही नाही म्हणण्याचे बळ येते.

पती-पत्नींनी स्वतंत्र नियम न करता घराचा एक नियम करावा. एकाने नऊला जेवायचे आणि दुसऱ्याने साडेसातला, हे आठवडाभरही टिकत नाही. घरात काय आणले जाते, यावर सर्वांची सवय ठरते. फरसाणाचा डबा घरात असेल तर तो कोणासाठी आणला याला अर्थ उरत नाही. रात्रीचे जेवण लवकर व्हावे, यासाठी स्वयंपाकाचे काम वाटून घ्यावे लागेल. कामावरून उशिरा येणारी सून एकटीच स्वयंपाक करत असेल आणि बाकीचे लवकर जेवणाचे फायदे सांगत असतील, तर तिथे सवय बदलणार नाही आणि बदलू नयेही.

चौथी पायरी : ‘बसण्याचा’ गट

दारूविषयी सावधपणे लिहायला हवे. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. नाशिक परिसरातील द्राक्षांच्या वाइनलाही त्यातून सूट नाही. महिन्यातून एक-दोनदा मित्रांबरोबर बसणाऱ्याने गटाला भेटण्याची वेळ रात्री नऊवरून सकाळी किंवा दुपारी आणावी, आपल्या गाडीने जावे आणि इतरांना सोडण्याची जबाबदारी स्वतः घ्यावी. गाडी चालवणाऱ्याला कोणी भरीस घालत नाही. पहिला पेला भरण्याआधी हातात लिंबूपाणी किंवा सोडा असावा.

रोज पिणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याने केवळ मित्रांच्या किंवा घरच्यांच्या भिडेखातर एकाएकी दारू बंद करू नये. काही तासांत हात थरथरणे, घाम, भ्रम आणि क्वचित झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकते. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू कमी करावी लागते. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. उपचारानंतर जुन्या गटाला भेटू नये असे डॉक्टर सांगतील, तर या एका बाबतीत ते ऐकावे. मित्र न सोडण्याचा माझा आग्रह इथे लागू नाही. त्या जागी अल्कोहोलिक्स अनॉनिमससारख्या गटाची संगत मिळते. जे स्वतः त्यातून गेले आहेत त्यांच्यासोबत बसण्याने जो आधार मिळतो, तो इतर कोणी देऊ शकत नाही.

पाचवी पायरी : नवी सोबत जोडणे

जुन्या वेळा सुधारल्यावर एक नवी सोबत जोडावी, आणि ती एकाच माणसाची असावी. मोठे गट उत्साहाने सुरू होतात आणि दिवाळीनंतर विरळ होतात. दोघांचे ठरलेले टिकते, कारण एक आला नाही तर दुसरा खरोखर एकटा पडतो.

सोबती निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो आपल्या वाटेवर राहणारा असावा. इंदिरानगरच्या माणसाने पंचवटीतल्या मित्राबरोबर रोज चालायचे ठरवले तर जाण्या-येण्यातच ते मोडते. तो आपल्यापेक्षा थोडाच पुढे असावा. मॅरेथॉन धावणाऱ्या मित्राबरोबर पहिल्याच आठवड्यात धावायला गेलेला माणूस गुडघा धरून परततो. आणि त्याच्याशी बोलायला आपल्याला आवडले पाहिजे, कारण चालताना वाक्य पूर्ण बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, हाच योग्य वेग आहे. बोलणेच नसेल तर वेगही कळत नाही आणि वेळही जात नाही.

ठरवताना नेमके ठरवावे. ‘उद्यापासून चालायला जाऊ’ यात काही ठरत नाही. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, पावणेसहा, गोल्फ क्लब मैदानाचे फाटक’ यात सगळे ठरते. रात्री दहानंतर येत नसल्याचा निरोप पाठवायचा नाही, आणि एक आला नाही तर दुसऱ्याने परत न जाता एकट्याने चालायचे, हे दोन नियम आधीच बोलून घ्यावेत. हिवाळ्यात नाशिकची पहाट कडाक्याची असते. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डिसेंबर-जानेवारीत वेळ सातनंतरची करावी. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम हे किमान उद्दिष्ट आहे. तीन दिवस ५० मिनिटे चालले की ते पूर्ण होते.

चांगली संगत माणसाला कुठवर नेते, याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत, तिच्या मागून आलेल्या मोनिका आथरे आणि संजीवनी जाधव, या तिघी प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली नाशिकमध्येच तयार झाल्या. पुढे धावणारी कोणी रोज डोळ्यांसमोर असली की आपली मर्यादा कुठे आहे याची कल्पनाच बदलते. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण केली. आज पंढरपूरला सायकलने वारीला जाणाऱ्या नाशिककरांत साठी ओलांडलेलेही असतात. तुमच्या गल्लीत असा एखादा सायकलस्वार असेल, तर त्याच्या रविवारच्या सर्वांत लहान फेरीत सामील होण्याची परवानगी मागावी. असे लोक सहसा नाही म्हणत नाहीत.

मोबाइलमधली संगत

ही संगत दिसत नाही, म्हणून ती नोंदवहीतून सुटते. पावलांची संख्या रोज टाकणारे गट काहींना उपयोगी पडतात, पण ताप असताना किंवा पाय दुखत असताना आकडा गाठण्यासाठी चालणारेही मी पाहिले आहेत. असा गट काही काळ म्यूट करावा. त्याहून गंभीर बाब म्हणजे औषधांचा सल्ला. ‘मी बीपीची गोळी बंद केली, काही झाले नाही’ हे वाक्य चालण्याच्या ट्रॅकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सारख्याच आत्मविश्वासाने ऐकू येते. रक्तदाब बहुधा काहीही न जाणवता वाढतो, त्यामुळे ‘काही झाले नाही’ याला पुरावा म्हणून किंमत नाही. गोळीविषयीचा निर्णय फक्त डॉक्टरांशी बोलून घ्यावा. मित्र कितीही जवळचा असला तरी या विषयात त्याचे ऐकू नये.

महाविद्यालयीन मुलांच्या पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘तुझे मित्र वाईट आहेत’ असे म्हटल्याने मुलगा मित्र सोडत नाही, तो घरी सांगणे सोडतो. त्या मित्रांना घरी बोलवावे, जेवू घालावे, त्यांची नावे माहीत असावीत. ई-सिगारेट देशात २०१९ पासून कायद्याने बंद आहे, तरी ती मुलांच्या हाती पडते. तिच्यात बहुधा निकोटिन असते, हे ओरडून न सांगता माहिती म्हणून सांगावे.

तीन महिन्यांनी काय तपासावे

बारा आठवड्यांनंतर पुन्हा सात दिवस तशीच नोंद ठेवावी आणि दोन्ही आठवडे शेजारी ठेवून वाचावेत. वजनाबरोबर कंबरही मोजावी : सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध फीत धरून. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेलेली कंबर मधुमेह व हृदयविकाराचा धोका दर्शवते. सवय मधेच मोडली असेल, तर ती कोणासोबत आणि कोणत्या वेळी मोडली एवढेच शोधावे आणि तीच वेळ पुन्हा हातात घ्यावी. लग्नसराईत, नवरात्रात किंवा कामाची पाळी बदलल्यावर सवय मोडते, असेच बहुधा आढळेल.

याच काळात आपणही कोणाची तरी संगत आहोत, याचा विचार करावा. मित्राला साखर निघाल्याचे कळले, तर चारचौघांत त्याच्या ताटाविषयी बोलू नये आणि ‘एकाने काय होते’ हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नये. त्याच्या आधी आपण स्वतः बिनसाखरेचा चहा सांगावा, म्हणजे त्याला वेगळे काही मागावे लागत नाही. त्याच्या तपासणीच्या दिवशी सकाळी गाडी घेऊन त्याच्या दाराशी जावे, उपाशीपोटीचे रक्त देऊन झाल्यावर त्याच्याबरोबर नाश्ता करावा, आणि पुढच्या तपासणीची तारीख दोघांच्याही मोबाइलमध्ये तिथेच टाकून घ्यावी. स्वतःची साखर वर्षभरात तपासली नसेल, तर त्याच खेपेला आपलेही रक्त द्यावे.